वाढत्या अंगाचा स्वेटर

किड्यांच्या खोलीत पाय ठेवला की माणूस आधी गळ्याचं बटण सोडतो. तिथं बाराही महिने उबारा, तोही मुद्दाम केलेला, कारण पिठातल्या भुंगेऱ्याला थंडी सोसत नाही आणि त्याचे लाड पुरवायला संस्थेनं माणसं ठेवलेली. अशा भट्टीत एक बाई दिवसभर निळा लोकरी स्वेटर घालून काम करायची. वर अर्ध्या बाह्यांचा पांढरा ॲप्रन, त्याखालून निळ्या बाह्या. लोक तिला स्वेटरवाली म्हणत. आधी पाठीमागे म्हणत, मग तोंडावर म्हणायला लागले, आणि तिनं कधी हूं की चूं केलं नाही म्हणून ते नाव तिला चिकटलंच.

ती किडे पाळायची. हसू नका. कुणी कोंबड्या पाळतं, कुणी मधमाश्या, तसे तिथं धान्यातले किडे पाळतात. साठवलेल्या धान्याला काय लावलं म्हणजे कीड लागत नाही हे शोधायचं तर आधी कीड हाताशी हवी, आणि तीही धडधाकट हवी. अर्धमेल्या किड्यावर औषध लागू पडलं तर त्यात औषधाची काय मर्दुमकी? म्हणून कपाटांतून काचेच्या बरण्या, बरण्यांत पीठ, तोंडाला मलमलीचं फडकं, आणि पिठात अंडी, अळ्या, कोष, भुंगेरे असा भरला संसार. स्वेटरवालीनं पीठ चाळायचं, मऊ कुंचल्यानं अळ्या उचलायच्या, वयाप्रमाणे वेगळ्या करायच्या. घरी पिठात एक अळी दिसली तर हीच बाई अख्खा डबा उन्हात काढायची, आणि इथं अळी मेली तर दिवसभर चुकचुकायची.

खिडकीकडच्या कपाटात जुनं घराणं होतं. म्हणजे ज्या किड्यांच्या पणज्या-खापरपणज्यांनी कुठल्याच औषधाचा वास घेतलेला नाही असे किडे. कुठलंही नवं औषध आलं की त्याची परीक्षा याच घराण्याशी ताडून व्हायची. दुसऱ्या एका संस्थेला त्यातलेच थोडे दिले होते, ते तिकडे केव्हाच खलास झाले. त्यामुळे जे होतं ते एवढंच. स्वेटरवालीच्या आधीच्या बाईनं ते सांभाळलं, निवृत्त होताना हिच्या हातात सोपवलं आणि "पोरांसारखं बघ" म्हणून गेली. पुढं काय वाढून ठेवलंय हे तिला तरी काय ठाऊक.

स्वेटर तिच्या मुलाचा होता. त्याला सगळे छोट्या म्हणत. नवरा बस चालवायचा, आणि थंडी सुरू होताना तो मुलाला घेऊन दुकानात निघाला तेव्हा हिनं दारातून ओरडून सांगितलं होतं, "अहो, वाढत्या अंगाचा घ्या. पोरगं झपाट्यानं वाढतंय." त्यानं चांगला दोन मापं मोठा आणला. छोट्या त्यात पार बुडून गेला. बापानं हसून म्हटलं, "यात आपण तिघं राहू, घरभाडं वाचेल." छोट्यानं तो काही आठवडे घातला. त्याला शाळेत पेन्सिलीला टोक करताना कचरा जमिनीवर पाडू नको म्हणून ओरडा बसायचा, म्हणून तो तासलेलं सगळं स्वेटरच्या खिशात भरायचा. मग ताप आला, आणि तापानंच तो गेला. बारा वर्षांचं पोर, एवढंसं निमित्त झालं आणि संपलं. स्वेटर खुर्चीच्या पाठीवर तसाच राहिला.

घरातलं सगळं धुतलं गेलं. चादरी, टॉवेल, शाळेचे कपडे, पडदेसुद्धा. नातलग बायकांनी जे दिसेल ते बादलीत कोंबलं. स्वेटर मात्र हिनं छातीशी धरला तो सोडला नाही. त्याला छोट्याचा वास होता: लाकडाचा, थोडा गोडसर, पेन्सिलीच्या तासलेल्या सालींचा, आणि त्यामागं त्याच्या केसांचा. वाढत्या अंगाचा असल्यामुळे तो तिला बेताचा बसला. मुलाला पुरून उरणार होता तो आईला पुरला.

तेव्हापासून तो स्वेटर तिच्या अंगावर. आणि तो अंगावर असला की किड्यांच्या खोलीतल्या तराजूजवळच्या स्टुलावर छोट्या येऊन बसायचा. भूत म्हणाल तर भुताला लोक घाबरतात. ही तर वाट बघायची. चाळणी हलवताना तिला कळायचं, स्टूल आता रिकामं नाही. मान वळवली की काही नसायचं, म्हणून ती मान वळवायची नाही. बरण्यांतून अळ्यांच्या कुरतडण्याची बारीक चरचर यायची आणि त्या चरचरीत तिला टोकयंत्रात पेन्सील फिरत असल्याचा भास व्हायचा. तो यायचा तो बारा वर्षांचाच यायचा. वर्षं सरत होती, हिचे केस पांढरे होत होते, छोट्या मात्र आहे तेवढाच. तिला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. उलट बरंच वाटायचं.

अशात ते तेल आलं. डोंगरातल्या कुठल्याशा झुडपाच्या मुळाचं तेल. ते आणणाऱ्या डॉक्टरीणबाई वयानं हिच्याहून लहान, माणसांच्या नव्हे, किड्यांच्या डॉक्टर. स्वभावानं सरळ, पण एकदा बोलायला लागल्या की गाडीला ब्रेक नाही. त्यांनी हिला बसवून समजावलं.

"ताई, अळीच्या अंगात एक रस असतो. तो आहे तोवर तिच्या शरीराला वाटतं, आपण अजून लहान. कात टाकायची आणि पुन्हा अळीच राहायचं. मग वेळ आली की रस आटतो, कोष होतो, कोषातून भुंगेरा. या मुळात नेमका तसलाच रस सापडलाय. धान्याला लावला की अळीला तिची वेळ झालेली कळतच नाही."

"म्हणजे मरत नाही?"

"लगेच नाही. मोठी होत नाही, एवढंच. आणि मोठीच झाली नाही तर पिल्लं कुठून होणार? वंश तिथंच खुंटला. विषाचं काम नाही."

स्वेटरवालीनं हातातला कुंचला खाली ठेवला. मग तिनं विचारलं, "माणसात असतो का हो तसला रस?"

"नाही ना! म्हणून तर माणसाला धोका नाही," डॉक्टरीणबाई हसल्या. "असता तर मीच आधी तोंडाला लावला असता."

ती हसली नाही. असता तर, ती मनात म्हणाली, मी त्याच्या पाण्यात घातला असता.

तेल आणि तेल लावलेलं धान्य थंड खोलीत असायचं. नियम साधा होता: सकाळी आधी जुन्या घराण्याचं काम, मग थंड खोली, आणि थंड खोलीतून आलं की ॲप्रन बदलल्याशिवाय किड्यांच्या खोलीत पाऊल नाही. ॲप्रन ती न चुकता बदलायची. धुतलेला, इस्त्रीचा, कडक. पण नियम लिहिणाऱ्यानं लिहिलं होतं ॲप्रन. त्याच्या स्वप्नातही नसेल की त्या भट्टीत कुणी आतून स्वेटर घालील. आणि हिला तो कपडा वाटतच नव्हता. कातडी काढून ठेवा असं कुणी म्हणतं का?

तेलानं कमाल केली. तेल लावलेल्या पिठातल्या अळ्या कोषाची वेळ आली तरी कोषात जाईनात. कात टाकली, परत अळीच. पुन्हा टाकली, परत अळी. खात होत्या, फुगत होत्या. शेजारच्या बरण्यांतले त्यांच्या वयाचे भुंगेरे होऊन आजे-पणजे झाले आणि ह्या आपल्या पिठात लोळताहेत. डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना चहा पाजला. बरण्या धुणारा बरणीवाला, ज्याच्या जिभेला हाड नव्हतं, डोकावून म्हणाला, "आईशप्पथ, काय थोराड पोरं आहेत! यांना आता शाळेत घालावं."

स्वेटरवाली त्या बरणीपाशी रेंगाळायला लागली. कुणाला तरी मिळालं होतं, जे तिनं मागितलं होतं. लहान राहायचं आणि जगायचं. ती त्यांना पीठ जास्त घालायची. पण आठवडे लोटले तसा त्या अळ्यांचा रंग उतरला. अंगावर काळे डाग आले. काही अर्ध्यावर अडकल्या, डोकं अळीचं आणि शेपटाकडचं अंग कोषाचं, ना धड हे ना धड ते. त्या वळवळायच्या, आणि मग एकेक करून निपचित व्हायच्या. मरायच्याच, फक्त मोठ्या न होता मरायच्या. ती कुंचल्यानं त्यांना बाजूला करायची तेव्हा तिच्या पाठीशी स्टूल करकरायचं, आणि तिला पहिल्यांदाच त्या आवाजाची भीती वाटली.

मग एक दिवस खिडकीकडच्या कपाटात तिला दिसलं, की जुन्या घराण्यातसुद्धा कोष नाहीत.

अंडी होती, अळ्या होत्या, म्हातारे भुंगेरे होते. मधलं काही नव्हतं. बरणीमागून बरणी तिनं चाळली. प्रत्येकीत अळ्या टपोऱ्या, वयापेक्षा मोठ्या, आणि एकही कोष नाही. तिनं डॉक्टरीणबाईंना हाक मारली. डॉक्टरीणबाईंचं तर धाबं दणाणलं. म्हातारे भुंगेरे संपत आले होते, त्यांची अंडी कमी होत चालली होती, आणि नवी पिढी येत नव्हती. हे असंच चाललं तर घराणं बुडणार, आणि ते बुडालं की आजवरच्या सगळ्या परीक्षांची ताडून बघायची वस्तूच गेली.

शोध सुरू झाला. पीठ बदललं. बरण्या उकळल्या. चाळण्या नव्या आणल्या. हवेची नळी बंद केली. बरणीवाल्यावर संशय आला तसा तो कानावर हात ठेवून म्हणाला, "मी नाही बुवा! शोधा, शोधा. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय!"

तो आपला सवयीनं बोलला. पण स्वेटरवालीनं काख आवळली. चोराच्या मनात चांदणं पडायला तेवढं पुरलं.

ती बोलली नाही. इथं तिला कुणी दोष देऊ शकेल, मीही देतो थोडा. पण तिच्या बाजूनं बघा. स्वेटर दोषी ठरला तर तो उकळत्या सोड्याच्या पाण्यात जाणार, तो नियमच होता, आणि पाण्यात गेला की छोट्या जाणार. एके दिवशी तिनं तो घरी ठेवून बघितला. खोलीत चरचर होती, उबारा होता, स्टूल मात्र लाकडाचं नुसतं स्टूल होतं. त्यावर कुणी बरण्यांची झाकणं ठेवून गेलं. जेवणाच्या सुट्टीत ती घरी धावत गेली आणि स्वेटर घालून परत आली. झाकणं उचलून दुसरीकडे ठेवली. खिडकीकडच्या कपाटात त्या दिवशी आणखी म्हातारे भुंगेरे मेले होते.

शेवटी डॉक्टरीणबाईंनी फर्मान काढलं. खोलीत येणाऱ्या प्रत्येक कापडाचा तुकडा अळ्यांबरोबर बरणीत ठेवायचा. ॲप्रन, पुसायची फडकी, बरणीवाल्याचा गळ्यातला रुमाल, बाईंची स्वतःची ओढणी. "अळ्याच काय ते सांगतील," त्या म्हणाल्या. कात्री हातोहात फिरत हिच्याकडे आली.

"तुमचा स्वेटर, ताई."

"धुतलेला नाहीये तो," ती म्हणाली. वाक्य तोंडातून निघालं आणि तिला कळलं, आपण गुन्हा कबूल केला.

जो तो आपापल्या तुकड्याकडे वळला. तिला सहज दुसरं काहीतरी कापून टाकता आलं असतं. ॲप्रनच्या आड कोण बघतंय? पण समोरच्या बरणीत त्या टपोऱ्या, काळे डाग पडायला लागलेल्या अळ्या होत्या, तिच्याच हाती सोपवलेल्या. तिनं आतल्या बाजूची किनार वर करून बोटाएवढा तुकडा कापला आणि स्वतःच्या हातानं बरणीत टाकला.

बाकीच्या बरण्यांतल्या अळ्या ठरल्या वेळी आखडल्या, पांढऱ्या झाल्या, हातपाय पोटाशी दुमडून कोष झाल्या. ओढणीच्या झाल्या, रुमालाच्याही झाल्या. निळ्या लोकरीच्या बरणीतल्या नाही झाल्या.

डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी तिची बाही हळूच उचलून नाकाशी नेली आणि म्हणाल्या, "हो. तेलाचाच वास आहे. मुरलंय अगदी."

"नाही," ती म्हणाली. "तो पेन्सिलीचा आहे. माझ्या मुलाचा. तुम्हाला नाही कळायचं."

बाईंना मुलाचं ठाऊक होतं. त्या थंड खोलीत जाऊन तेलाची बाटली घेऊन आल्या, बूच काढलं आणि तिच्यापुढे धरली. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, पण चांगल्या माणसांकडूनही असं होतं. तिनं वास घेतला.

लाकडाचा, थोडा गोडसर. पेन्सिलीच्या तासलेल्या सालींचा.

वासासारखा वास नव्हे, तोच. बाटलीत छोट्या बसला होता. तिनं बाही हुंगली, परत बाटली हुंगली. केसांचा वास शोधला. तो कुठंच नव्हता. कधी गेला होता कोण जाणे. ती ज्याला इतके दिवस छातीशी धरून होती तो मुळांतून काढलेला, बाटलीतून आलेला रस होता. मग स्टुलावर येऊन बसत होतं ते कोण? तिनं मान वळवून स्टुलाकडे नीट बघितलं. बघतच राहिली. बाईंनी तिला धरून बाहेर नेलं.

"घरी घेऊन जा," त्या पायरीवर म्हणाल्या. "इथल्या सोड्याच्या पाण्यात नको. घरी, तुमच्या हातानं धुवा. फक्त परत आणू नका."

घरी तिनं बादलीत गरम पाणी काढलं आणि स्वेटर मांडीवर घेऊन न्हाणीघरात पाटावर बसून राहिली. नवरा ड्यूटीवरून आला. दारातून त्यानं बघितलं आणि तिथंच थांबला.

"याला त्याचा वास नाहीये," ती म्हणाली. "संस्थेतल्या तेलाचा आहे. तुम्हाला माहीत होतं?"

तो उंबऱ्यावरच बसला. बूटसुद्धा काढले नव्हते.

"होतं," तो म्हणाला. "केव्हाचं. तुझ्या डब्याच्या पिशवीलाही तोच वास यायचा."

"मग सांगितलं का नाहीत?"

"कसं सांगू? तू अंघोळीला गेलीस की मीपण रोज स्वेटरचा वास घ्यायचो." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "खरा कसा होता ते मलाही आता आठवत नाही गं. हाच त्याचा वाटायला लागला."

मग दोघांनी मिळून स्वेटर धुतला. लोकर पाणी पिऊन जड झाली, एकट्या तिला पिळवेना. पाणी निळसर निघालं, मग मळकट, मग स्वच्छ. तिनं हंबरडा फोडला तो त्या वेळी. इतके दिवस अडून राहिलेलं रडू होतं ते. नवऱ्यानं थांबवलं नाही, पिळाचं दुसरं टोक धरून तोही रडला.

संस्थेत उरलेले मूठभर म्हातारे भुंगेरे निराळ्या इमारतीतल्या खोलीत हलवले. सांभाळायचं काम हिच्याकडेच राहिलं. बरणीवाल्यानं एकदा सवयीनं "स्वेटरवाली" अशी हाक मारली, जीभ चावली आणि "ताई" म्हणाला. अंडी झाली, थोडीशी. अळ्या झाल्या. ती त्या रोज बघायची आणि तिला कळेना, आपल्याला नेमकं काय हवंय. नव्या खोलीत स्टूल नव्हतं. पण कधीतरी पीठ चाळताना पाठीमागं कुणी तरी उभं आहे असं वाटायचं. बसलेलं नव्हे, उभं. तिनं मान वळवायची सवय लावून घेतली. काही नसायचं.

एका दुपारी बरणीच्या काचेला टेकून एक पांढरा कोष दिसला. मग दुसरा. मग कितीतरी.

ती घरी आली तेव्हा नवरा स्वयंपाकघरात भाजी निवडत बसला होता.

"आज कोष झाले," ती म्हणाली.

"जुन्या घराण्याचे?"

"हो. आता भुंगेरे होतील. वाचलं म्हणायचं."

त्यानं मान हलवली. हातातली भाजी खाली ठेवली. मग तिच्याकडे न बघता म्हणाला, "त्याला आता सोळावं लागलं असतं."

असं त्या घरात आजवर कुणी बोललं नव्हतं. ती भिंतीला टेकली. बारा वर्षांचं पोर डोळ्यांसमोर आणायला गेली आणि ते येईना.

"मिसरूड फुटलं असतं," ती म्हणाली.

"आवाज घोगरा झाला असता. फोनवर मला वाटलं असतं, कोण हा बाप्या."

"तुमच्याशी भांडला असता. उलट बोलला असता."

"बोलला असता," तो म्हणाला. "आणि उंच झाला असता." तो उठला, दाराच्या चौकटीपाशी गेला आणि हात खांद्याइतका वर धरला. "एवढा."

"छे. झपाट्यानं वाढत होता तो. अजून वर."

त्यानं हात कानाशी नेला.

"अजून," ती म्हणाली.

त्यानं हात डोक्याच्याही वर नेला, तळवा खाली करून, कुणाच्या तरी केसांवर ठेवावा तसा. ती बघत राहिली. हात भरून आला तरी त्यानं तो खाली घेतला नाही, आणि तिनंही, आता पुरे, असं म्हटलं नाही.